‘त्यांनी घरी बसून क्लिपा पाहाव्यात’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी लगेच उत्तर लिहिले नाही, कारण त्या क्षणी लिहिलेले उत्तर आपल्याच सुरात गेले असते. माझ्या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे होते: पडद्यावर एका भेदरट कारकुनाचे पात्र रंगवून लोकप्रिय झालेल्या विनोदी नटाचा दोन तासांचा प्रयोग मी पाहिला, तो फसला, आणि प्रेक्षक हिरमुसून बाहेर पडले ते मला रास्त वाटले. त्यावर आपण लिहिता, ‘ज्यांना फक्त पात्र हवे असते आणि कलावंत नको असतो, त्यांनी घरी बसून क्लिपा पाहाव्यात, थेट प्रयोग अशांसाठी नसतो.’ आपल्या प्रतिक्रियेत इतरही मुद्दे आहेत, पण मला लागले ते हे वाक्य, आणि या उत्तराचा बहुतेक भाग त्यालाच द्यावा लागणार आहे.

माझ्या मताशी आपले मत जुळत नाही, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु हौसेने तिकीट काढून आलेल्या सभागृहभर माणसांना एका फटक्यात अडाणी ठरवून मोकळे व्हायचे, हा उर्मटपणा झाला, आणि तो कलेच्या प्रेमापोटी केला म्हणून सौम्य होत नाही. ही माणसे कोण होती, हे आपण विचारलेसुद्धा नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा आपल्या नातीला घेऊन बसले होते. त्या मुलीला कारकुनाची वाक्ये त्याच्या अडखळण्यासकट पाठ होती आणि पूर्वार्धात ती ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर बोलत होती. उत्तरार्धात तिने आजोबांना विचारले, ‘तो परत कधी येणार?’ नट त्या वेळी रंगमंचाच्या मधोमध, पूर्ण प्रकाशात उभा होता. आता या मुलीला आपण सांगणार आहात का, की तुला कलावंताची कदर नाही, तू घरी जा?

पात्र कुठे गेले, हे मी सांगतो. या कारकुनाची सगळी गंमत अशी आहे की त्याला चारचौघांत बोलताच येत नाही. साहेब समोर आला की तो फाइल छातीशी धरतो, मग हनुवटीपर्यंत नेतो, आणि वाक्य अर्धवट टाकून तिच्याआड जातो. पडद्यावर हे जमते, कारण तिथे त्याला दरडावणारा साहेब असतो, टोमणे मारणारे सहकारी असतात आणि तो लपू पाहतो तेव्हा कॅमेरा त्याच्याजवळ सरकतो. रंगमंचावर यातले काहीच नव्हते. एंट्री घेतल्यावर थोड्याच वेळात नटाने माइक नीट धरता यावा म्हणून फाइल बाजूच्या स्टुलावर ठेवली, आणि मध्यंतरापर्यंत ती तिथेच पडून होती. ज्याला दोन माणसांपुढे बोलायची भीती वाटते, तो भरल्या सभागृहापुढे दोन तास घडाघडा बोलतो, आणि तो का बोलतो आहे हे संहितेने कुठेही सांगितलेले नाही. प्रेक्षकाला हा मुद्दा शब्दांत मांडता येणार नाही कदाचित, पण तो त्याला जाणवतो, आणि त्याचे हसू हळूहळू सौजन्यापुरते उरते.

पात्र थेट प्रयोगात टिकतच नाही, असे मी लिहिलेले नाही. आपण ते माझ्या तोंडी घातलेत. ऑस्ट्रेलियन विनोदी नट बॅरी हम्फ्रीज यांनी 1955 मध्ये मेलबर्नमध्ये एडना एव्हरेज ही बाई स्वतः रंगवून रंगमंचावर आणली आणि पुढे अनेक दशके तिला नांदवली, कारण एडनाला प्रेक्षकांची गरज होती. पुढच्या रांगेतल्या माणसांची ती गोड बोलून चौकशी करायची आणि बोलता बोलता त्यांचा पाणउतारा करायची. शेवटी ग्लॅडिओलीची फुले सभागृहात भिरकावायची आणि लोक ती हातात धरून डोलवायचे. लोकांना समोर बसवून घेण्याचे कारण त्या पात्राच्या स्वभावातच होते. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी 1961 मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली, तिथे चाळीची हकीकत सांगणारा निवेदक होता, म्हणून एकाही रहिवाशावर अख्खा प्रयोग पेलण्याची वेळ आली नाही. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये 52 पात्रे रंगवली, एक पात्र उभे राहते न राहते तोच दुसरे त्याला बाजूला सारते. या तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत, पण पात्र लोकांशी का आणि कोणाच्या तोंडून बोलणार, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने तालमीआधी शोधलेले दिसते. आमच्या कारकुनासाठी ते कोणी शोधलेच नाही, आणि त्या पात्रावर जीव असल्यामुळे मला याचा राग येतो.

आपण अमेरिकन विनोदी कलावंत अँडी कॉफमन यांचे उदाहरण देऊन म्हणता की प्रेक्षकांना निराश करणे हीसुद्धा कला आहे. जरूर आहे. पण कॉफमन रंगमंचावर अख्खी कादंबरी वाचायला घेत तेव्हा लोक कितीही वैतागले तरी ते बेअरिंग, म्हणजे घेतलेल्या भूमिकेचा सूर, सोडत नसत. ज्यांनी 1979 मध्ये कार्नेगी हॉलमधल्या प्रयोगानंतर प्रेक्षकांना बसमध्ये घालून दूध आणि बिस्किटे खायला नेले, त्यांनी प्रेक्षकाचा विचार केला नव्हता, असे कोण म्हणेल? मी पाहिलेल्या प्रयोगात उलटे घडले. हशा कमी आला की नट कारकून सोडून स्वतःच्या आवाजात येत असे, चित्रीकरणाच्या वेळचे किस्से सांगत असे, आणि टाळी मिळाली की पुन्हा खांदे पाडून पात्रात शिरत असे. एखादी ॲडिशन, म्हणजे संहितेबाहेरचे पदरचे वाक्य, मी समजू शकतो, पण उत्तरार्धात तर पात्र निमित्तापुरते उरले. यात निराशेचा प्रयोग कुठे आहे? ही तालमीची कसर आहे, आणि तिला मोठ्या कलावंताचे नाव चिकटवल्याने ती भरून निघत नाही.

‘लेखकाने आधी विंगेत उभे राहून दाखवावे’ असेही आपण जाता जाता लिहिलेत. मी विंगेत उभा राहिलो आहे. कॉलेजपासून पुढे बरीच वर्षे मी हौशी एकांकिकांना प्रॉम्प्टिंग केले, आणि विंगेतून सभागृह जितके स्पष्ट ऐकू येते तितके पहिल्या रांगेतूनही येत नाही. मनापासून आलेला हशा वाक्य संपायच्या आत उठतो. नटाची लाज राखायला दिलेला हशा वाक्य संपल्यावर, जरा थांबून येतो. त्या दिवशी मध्यंतरानंतर मी दुसऱ्या प्रकारचाच हशा ऐकला. ‘सगळे तर हसत होते’ हा आपला दाखला मला त्यामुळेच पुरेसा वाटत नाही, आणि ज्याच्या कानाला हा फरक कळत नाही त्याने इतरांच्या रसिकतेची परीक्षा घ्यायला बसू नये.

एक गोष्ट मात्र आपली खरी आहे. पूर्वार्धातला फोनचा प्रसंग, ज्यात कारकून रजा मागायला फोन लावतो आणि शेवटी रविवारीही कामावर यायचे कबूल करून बसतो, तो उत्तम वठला होता; आपण त्याची आठवण दिलीत हे बरे झाले. त्या प्रसंगात फोनच्या पलीकडे न दिसणारा साहेब होता, एवढेच जोडतो.

तिकिटाचा दर, खराब ध्वनिव्यवस्था आणि माझ्या लेखाची लांबी यांबद्दल आपण जे लिहिले आहे, त्यावर वेगळे काही सांगण्यासारखे मला दिसत नाही. लेख काढून टाकावा ही आपली मागणी मला मान्य नाही. तो आहे तसाच राहील, आणि खाली आपली प्रतिक्रियाही राहील. यापुढे मला जे बोलायचे ते बोला, मी ऐकून घेईन. प्रेक्षकांना घरी बसायला सांगणारी प्रतिक्रिया आली, तर मात्र मी तिलाही एवढेच लांब उत्तर देईन.