ईएफ ६० आला, म्हणून हृदय ठणठणीत?

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: हृदय प्रत्यारोपणानंतर इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ ६० आला की हृदय ठणठणीत, दम लागला तर तो मनाचा खेळ. नव्या हृदयाबरोबर जीन्स बदलतात, म्हणून दात्याचा स्वभाव अंगात येतो. आणि रक्ताची जीन टेस्ट निघालीय, तेव्हा बायोप्सी, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा तुकडा काढून तपासणं, हा निव्वळ धंदा.

पहिलं विधान सगळ्यांत घातक, कारण ते पटण्यासारखं आहे. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं किती टक्के बाहेर गेलं, तो ईएफ. मुळात भरलं किती, हे त्यात कळत नाही. कप्पा १२० मिली भरला तर ६० टक्क्यांनी ७२ मिली पुढे जातं. स्नायू ताठर राहून ८०च भरला, तर ४८. ईएफ दोन्हीकडे ६०च! शिवाय दाब मागे फुफ्फुसांकडे चढतो आणि माणूस एका जिन्यात धापा टाकतो. त्याला ‘टेन्शन घेऊ नका’ सांगून काय होणार?

हृदयाला सैल पडायलाही ऊर्जा लागते. आकुंचनासाठी सुटलेलं कॅल्शियम दर ठोक्याला पेशीतल्या कोठारात परत ओढावं लागतं. ते सर्का हे प्रथिन ओढतं, फॉस्फोलॅम्बान त्याला लगाम घालतं. दात्याच्या मेंदूमृत्यूच्या वेळी उसळलेलं अ‍ॅड्रेनलिन, काढलेल्या हृदयाचे थंड पेटीतले तास (साधारण ४ची मर्यादा पाळतात ती यासाठीच), पुढे रिजेक्शन (शरीराने नवं हृदय नाकारणं), ते रोखणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाने वाढलेलं बीपी, यांतल्या कशानेही ही घडी बिघडू शकते. ताणाखाली अशा प्रथिनांच्या जनुकांचं काम मंदावतं किंवा वाढतं. जीन एक्स्प्रेशन बदललं म्हणतात ते हेच. जनुक तेच राहतं, त्यावरून प्रथिन किती बनतं ते बदलतं. त्यामुळे ‘जीन्स बदलतात’ हे तिथेच निकालात निघतं. स्वभावाचं म्हणाल, तर प्रत्यारोपणानंतर दिलेल्या स्टिरॉइडच्या मोठ्या डोसने चिडचिड होते. दात्याला कशाला मध्ये ओढायचं?

राहिली रक्ताची टेस्ट. अ‍ॅलोमॅप या टेस्टला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. ती २० जनुकं तपासते, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधली, हृदयाच्या स्नायूतली नव्हे. स्थिर पेशंटला रिजेक्शनची शक्यता कमी आहे एवढं ती सांगते, त्यातून काही बायोप्सी टळतात. शंका आली की स्नायूचा तुकडा काढून पाहावाच लागतो. आणि हृदय सैल पडतंय का, याचं उत्तर तिच्याकडे नाहीच. ते इकोतल्या भरण्याच्या आकड्यांत शोधायचं. प्रत्यारोपणानंतर तेही फसवे असू शकतात, मग कॅथेटर (बारीक नळी) हृदयात घालून दाब मोजतात.

तपासणीला मुलुंडच्या हॉस्पिटलात जा नाहीतर बेलापूरच्या, रिपोर्ट हातात आला की ईएफच्या खाली डायस्टोलिक फंक्शनबद्दल (म्हणजे हृदय सैल पडून नीट भरतंय का) काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचारा, आणि दम लागत असेल तर तेही सांगा.