ड्रोन, शेजारी आणि ‘माझे आकाश’: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

‘जमीन माझी, म्हणून तिच्यावरचे आकाशही माझे. त्यात शेजाऱ्याचा ड्रोन आला तर तो घुसखोर. तो आला आहे म्हणजे माझे चित्रण करतो आहे. तो कोणाचा हे कळायला मार्ग नाही, तेव्हा तो पाडण्याचा मला पूर्ण हक्क आहे.’ या आशयाचा मजकूर वारंवार फिरत असतो आणि त्याला मान डोलावणारेही पुष्कळ असतात. मी स्वतः हौसेने ड्रोन उडवतो, त्यामुळे माझे म्हणणे एका बाजूचे वाटण्याची शक्यता आहे. म्हणून आधीच नमूद करतो की या मजकुरामागचा संताप बहुतांशी रास्त आहे. चुकीचे आहेत ते त्यात सांगितलेले कायदा आणि उपाय.

पहिला मुद्दा आकाशाच्या मालकीचा. ज्याची जमीन त्याचेच वर स्वर्गापर्यंत आणि खाली पाताळापर्यंत सारे, हे सूत्र मध्ययुगीन युरोपातले आहे. तेराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याच्या आक्कुर्सियस या विधिपंडिताने लिहिलेल्या टीपेपर्यंत त्याचा माग लागतो. विमाने उडू लागल्यावर ते टिकणे शक्यच नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ साली कॉझबी खटल्यात आधुनिक जगात या सूत्राला स्थान नाही, असे स्पष्ट म्हटले. इंग्लंडच्या १९८२ च्या नागरी विमान वाहतूक कायद्यातील कलम ७६ नुसार वाजवी उंचीवरून विमान नुसते गेले, एवढ्याच कारणावरून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा लावता येत नाही. भारताच्या १९३४ च्या विमान कायद्यातील कलम १७ हेच सांगत होते.

मात्र कॉझबी खटल्याचे एवढेच वाक्य उचलून ‘आकाश सर्वांचे आहे’ म्हणणारे आमच्यातले हौशी लोक निकालाचा उरलेला अर्धा भाग वाचत नाहीत. त्या खटल्यातला वादी कोंबडीपालन करणारा होता. लष्करी विमाने त्याच्या जमिनीपासून अवघ्या ८३ फुटांवरून, म्हणजे घराच्या छपरापासून ६७ फुटांवरून उतरत. भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मरत आणि अशा सुमारे दीडशे कोंबड्या गेल्यावर त्याला धंदाच सोडावा लागला. निकाल त्याच्या बाजूने लागला. जमिनीच्या वापरासाठी जेवढी लगतची जागा लागते तेवढ्या हवेवर मालकाचा हक्क आहे, असे न्यायालयाने मानले, पण तिची उंची फुटांत ठरवून दिली नाही. म्हणून ‘कुंपणाच्या आत आला की घुसखोरी’ हे जितके चूक, तितकेच ‘जमिनीला टेकला नाही म्हणजे घुसखोरी नाही’ हेही चूक.

दुसरा मुद्दा चित्रणाचा. वर ड्रोन दिसला म्हणजे त्यात आपला चेहरा टिपला गेला, हे गृहीतक गणिताने तपासता येते. छंदासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक ड्रोनचे भिंग रुंद कोनाचे असते. असा ड्रोन ६० मीटर अंतरावर असेल, तर त्याच्या चौकटीत साधारण ९० मीटर रुंदीचा परिसर मावतो. चित्राची रुंदी ३,८४० पिक्सेल धरली, तर एका मीटरला सुमारे ४३ पिक्सेल येतात आणि माणसाचा चेहरा सहा-सात पिक्सेलांत आटोपतो. तेवढ्यात तो माणूस आहे हे कळते, कोण आहे हे कळत नाही. तोच ड्रोन खिडकीपासून १० मीटरवर आला, की मीटरला अडीचशेच्या आसपास पिक्सेल मिळतात आणि अनोळखी व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी पाळत-कॅमेऱ्यांच्या मानकांत साधारण तेवढ्याच घनतेची अपेक्षा असते. झूमचे भिंग असेल तर हा हिशेब कोलमडतो, हे मान्य केलेच पाहिजे. ६० मीटरवरचा ड्रोन तेव्हा निरुपद्रवी राहत नाही.

कायद्याचा रोखही याच दिशेने आहे. लॉर्ड बर्नस्टाइन यांच्या घराचे विमानातून छायाचित्र घेऊन ते विकायला काढले गेले, तेव्हा इंग्लंडच्या न्यायालयाने १९७७ साली त्यांचा दावा फेटाळला. परंतु एखाद्या घरावर हवेतून सतत पाळत ठेवून तिथल्या प्रत्येक हालचालीची छायाचित्रे घेतली, तर न्यायालय तो उपद्रव मानून दाद देईल, असेही त्याच निकालात म्हटले आहे. युरोपीय संघात तर २५० ग्रॅमपेक्षा हलका ड्रोनसुद्धा, तो खेळणे नसेल आणि त्यावर कॅमेरा असेल, तर उडवणाऱ्याला नोंदणी करावी लागते. म्हणजे तिथे निर्णायक ठरते ते केवळ वजन नव्हे.

तिसरा मुद्दा पाडण्याचा, आणि याबाबत मला कसलाही आडपडदा ठेवायचा नाही: हा सल्ला धोकादायक आहे. अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने ड्रोन हे विमानच आहे आणि विमानाची हेतुपुरस्सर नासधूस हा संघराज्याच्या कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी हवेत झाडलेली गोळी कुठेतरी खाली येतेच आणि फुटलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. जॅमर, म्हणजे रेडिओ संपर्क दाबणारे यंत्र, वापरणे बहुतेक देशांत बेकायदा आहे, शिवाय निरुपयोगीही आहे, कारण रिमोटचा संपर्क तुटला की बहुतेक ड्रोन पडत नाहीत, तर ठरलेल्या उंचीवर जाऊन आपोआप उड्डाणस्थळी परततात. त्याचबरोबर जागा कळवणारा उपग्रहाचा संकेतही दाबला, तर ड्रोन वाऱ्यासोबत भरकटतो आणि कोणाच्या डोक्यावर उतरेल हे जॅमर लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

‘कोणाचा हे कळत नाही’ या विधानात पूर्वी तथ्य होते, आता ते पुष्कळ कमी झाले आहे. अमेरिकेत नोंदणी बंधनकारक असलेल्या ड्रोनना रिमोट आयडी, म्हणजे स्वतःची ओळख सांगणारा रेडिओ संकेत, प्रसारित करावी लागते आणि मार्च २०२४ पासून या नियमाची अंमलबजावणी सुरू आहे. युरोपातही तशीच तरतूद आहे. त्या प्रसारणात ड्रोनचा क्रमांक, जागा, उंची आणि उडवणारा कुठे उभा आहे किंवा कुठून उडाला, हे असते. साध्या फोनवरच्या ॲपलाही ते वाचता येते. मालकाचे नाव त्यात नसते, पण क्रमांकावरून अधिकारी यंत्रणा त्याच्यापर्यंत पोहोचू शकते.

ज्याच्या खिडकीशी ड्रोन घुटमळतो, त्याने तारीख, वेळ आणि तो किती मिनिटे थांबला हे दर वेळी लिहून ठेवावे. फोनने चित्रण करताना केवळ आकाश न टिपता चौकटीत घराचा खांब, कठडा किंवा खिडकीची चौकट घ्यावी, म्हणजे त्या ज्ञात मापावरून ड्रोनची उंची आणि अंतर अंदाजे काढता येते. निळ्या आकाशातल्या एकट्या ठिपक्यावरून ते कोणालाच काढता येत नाही. अशा पाच-सहा नोंदी हातात असल्या, तर प्रथम शेजाऱ्याशी आणि त्याने दाद दिली नाही तर पोलिसांशी बोलताना नुसती तक्रार सांगावी लागत नाही, वारंवारिता दाखवता येते.