जीवाणूमुळे रताळे फुगले, म्हणे

सध्या फिरणारा मजकूर असा: "रताळे हे निसर्गाने केलेले जीएम (जनुके बदललेले) पीक आहे. 8 हजार वर्षांपूर्वी जीवाणूने त्यात वाढीची जनुके घातली, म्हणून मुळी फुगली. तेव्हापासून माणूस जीएमच खातोय, मग आता ओरड कशाला?"

जनुके आहेत, त्यात खोट नाही. पेरूतल्या लिमाचे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आणि बेल्जियममधले गेंट विद्यापीठ इथल्या संशोधकांनी 2015 साली हे मांडले. लागवडीतले 291 नमुने तपासले, सगळ्यांत ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जीवाणूच्या डीएनएचा तुकडा निघाला. त्यात ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाशी संबंधित दोन जनुकेही आहेत.

8 हजारांचा आकडा मात्र पेरूत सापडलेल्या जुन्या अवशेषांच्या वयाचा. जनुक कधी घुसले, ते त्यातून कळत नाही.

"मग जीएम सुरक्षितच" हे तर आजोबा विड्या ओढून नव्वद जगले, त्यातले. एक जुने जनुक पचले म्हणून उद्याचे प्रत्येक जनुक न तपासता गिळायचे? आणि याच माहितीवरून रताळ्याला विष ठरवणाऱ्यांनाही हेच उत्तर: खाल्लेला डीएनए पोटात पचतो, मग तो कुणाचाही असो.

खरी गडबड "म्हणून मुळी फुगली" यात आहे. वेलाचा वीतभर तुकडा लावा आणि काढणीला उपटून बघा. एक मुळी मनगटाएवढी, शेजारची पेन्सिलीएवढी, तिसरी नुसती सुतळी. जीवाणूचा तुकडा तिघींत तोच! फरक पडतो तो कोणते जनुक कुठे, कधी आणि किती चालले याने, आणि हा कारभार जनुकांच्या कुटुंबकबिल्याचा असतो. जीआरएफ नावाचे वाढ सांभाळणारे जनुकांचे कुटुंबच घ्या. 2000 साली ते पहिल्यांदा भातात सापडले. भातात त्याची 12 जनुके आहेत आणि मिआर-396 नावाचा चिमुकला आरएनए त्यांना लगाम घालतो. एका जनुकावरचा लगाम सुटलेल्या भाताचा दाणा मोठा भरतो. रताळ्यात तर गुणसूत्रांचेच सहा संच, एकूण 90. त्यावर जमिनीची मर्जी: रान चिबड असले किंवा युरिया जास्त पडला, की वेल माजतो आणि खाली सुतळ्याच निघतात.

असे जीवाणूचे तुकडे भुईमुगात आणि चहातही सापडलेत. ते वेगळे असतील, मान्य. पण चहाच्या झुडपाला रताळे लागलेले कुणी पाहिलेय?