तिला स्वतःचं नाव आहे!

बास झालं आता! मिस युनिव्हर्स सुरू झाली की दरवेळी तीच चीड. डॉक्टर असो, वकील असो, खांद्यावर पट्टा चढला की ती फक्त 'मिस अमुक देश'. तिचं नाव घ्यायला जीभ का जड होते?

मग प्रश्नांची फेरी. हवामान बदलावर बोल, स्त्रियांच्या हक्कांवर बोल, आणि तेही अर्ध्याएक मिनिटात! एक शब्द अडखळला की जगभर चेष्टा. चेष्टा करणाऱ्यांनी एकदा तरी तिथे उभं राहून दाखवावं!

२०२१ मध्ये हरनाझ संधूला सूत्रसंचालक स्टीव्ह हार्वे यांनी काय सांगितलं? प्राण्याचा आवाज काढ म्हणे! तिने 'म्याँव' करून वेळ निभावली, मानलं तिला. पण हे सुचतंच कसं? याच हार्वेंनी २०१५ मध्ये विजेती म्हणून कोलंबियाचं नाव घेतलं, मुकुट चढला, आणि मग सगळ्यांसमोर तो उतरवून फिलिपिन्सच्या पिया वुर्ट्झबाखला दिला. एकीचा अपमान झाला, दुसरीचा आनंद नासला.

आणि त्या अटी! लग्न झालेल्या, आई झालेल्या स्त्रियांसाठी दार उघडलं ते थेट २०२३ मध्ये. अठ्ठावीसची वयोमर्यादा गेली त्याच्याही पुढच्या वर्षी. मूल झालं की बाईचं तेज संपतं, हे ठरवलं कोणी? इतकी दशकं दारातूनच परत पाठवलेल्या बायकांना आता काय उत्तर देणार?