‘मोजलं’ म्हणायचं का? हर्क्युलिस एक्स-१ वरच्या हरकतीला उत्तर

नमस्कार. ‘हर्क्युलिस एक्स-१ या न्यूट्रॉन ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र ४.३ लाख कोटी गॉस मोजलं गेलं आहे’ हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं. ताऱ्याच्या क्ष-किरणांच्या वर्णपटात (कोणत्या ऊर्जेला किती किरण येतात याच्या आलेखात) एक खळगा दिसला, त्यावर सोयीचं मॉडेल बसवलं, याला मोजमाप कसं म्हणायचं, असं तुम्ही विचारलंत. आवर्तनकाळ (ताऱ्याला स्वतःभोवती एक फेरी मारायला लागणारा वेळ) आणि त्याच्या वाढीचा वेग यांवरून काढलेला आकडा जास्त खात्रीचा, असंही लिहिलंत. पहिली हरकत बरीचशी मान्य आहे. दुसरी इथे लागूच होत नाही, म्हणून आधी ती.

आवर्तनकाळाचं सूत्र तारा स्वतःच्या चुंबकत्वामुळेच मंदावतो असं धरून चालतं. खेकडा तेजोमेघातल्या ३३ मिलिसेकंदांच्या स्पंदकाला (ठरावीक वेळाने स्पंद पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याला) ते चालतं, उत्तर ३.८ लाख कोटी गॉसच्या आसपास येतं. हर्क्युलिस एक्स-१ वर मात्र जोडीदार ताऱ्याचं द्रव्य सतत येऊन पडतं आणि स्वतःबरोबर कोनीय संवेगही, म्हणजे फिरण्याचा जोरही, आणतं. त्याचा १.२४ सेकंदांचा आवर्तनकाळ कधी वाढतो, कधी घटतो. घटतो तेव्हा सूत्रात वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. मग क्षेत्र काढणार कसं?

आता खळगा. प्रबळ क्षेत्रात इलेक्ट्रॉनची ऊर्जा पायऱ्यांनी वाढते आणि दर लाख कोटी गॉसला पायरीची उंची ११.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (पुढे केइव्ही) असते. तेवढ्या ऊर्जेचे क्ष-किरण इलेक्ट्रॉन अडवतात, म्हणून वर्णपटात तिथे खळगा पडतो. ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणातून बाहेर पडताना ही ऊर्जा साधारण १.३ पटीने कमी होते. खळगा ३८ केइव्हीला दिसला, तर ३८ गुणिले १.३ भागिले ११.६, म्हणजे ४.३. गणित इतकंच.

खळगा खरा आहे का, हे मॉडेल न लावताही पाहता येतं. त्याच उपकरणाने घेतलेल्या खेकडा तेजोमेघाच्या वर्णपटाने भागायचं. तो वर्णपट जवळपास साधा घातनियम, म्हणजे खाचखळगे नसलेली सरळ उतरण, असल्याने उपकरणाचे बहुतेक दोष भागाकारात निघून जातात आणि खळगा उरतो. याहून पक्का पुरावा म्हणजे स्पंदाच्या टप्प्यानुसार, म्हणजे तारा फेरीत कुठे आहे त्यानुसार, खळग्याची ऊर्जा सरकते. उपकरणातल्या दोषाला ताऱ्याचे १.२४ सेकंद कुठून कळणार?

तुमची हरकत खरी ठरते ती खळग्याचा नेमका मध्य ठरवताना. १९७६ मध्ये टेक्सासमधून उडवलेल्या फुग्यावरच्या उपकरणाने ही रेषा (खळग्यालाच वर्णपटातली रेषा म्हणतात) प्रथम टिपली, तेव्हा ५८ केइव्हीची उत्सर्जन रेषा, म्हणजे खळगा नव्हे तर उंचवटा, असा तिचा अर्थ लावला गेला. आज आपण त्याच आकारात ४० च्या आसपासचं शोषण पाहतो. एक्सस्पेक या वर्णपटांवर मॉडेल बसवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘हायइकट’ कंटिन्युअमला (खळग्याखेरीजच्या सलग वर्णपटाच्या मॉडेलला) कटऑफच्या जागी, म्हणजे वर्णपट झपाट्याने उतरू लागतो तिथे, कोपरा असतो. तो कोपरा रेषेजवळ आला की खोटा खळगा तयार होतो किंवा खरा सरकतो. शिवाय खळग्यासाठीच्या ‘सायक्लॅब्स’ या मॉडेलमध्ये लिहिलेली ऊर्जा म्हणजे खळग्याचा तळ नव्हे. ऊर्जा ३५ आणि रुंदी १० दिली, तर तळ जवळजवळ ३८ ला येतो. ‘गॅब्स’ या दुसऱ्या मॉडेलमध्ये मात्र लिहिलेली ऊर्जा हाच तळ. दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी कोणी कोणतं मॉडेल वापरलं हे पाहावंच लागतं. मी ते लिहिलं नव्हतं. ती चूक माझी.

पण मला स्वतःला जास्त महत्त्वाची वाटणारी चूक वेगळीच आहे. मी ‘ताऱ्याचं क्षेत्र’ लिहिलं. रेषा जिथे तयार होते तिथलंच क्षेत्र ती सांगते. द्विध्रुवी क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, म्हणून १० किलोमीटर त्रिज्येच्या ताऱ्यावर रेषा १ किलोमीटर वर तयार झाली, तर ते पाव हिश्शाने कमी दिसेल. व्ही ०३३२+५३ हा तारा भडकतो तेव्हा त्याची रेषा खाली सरकते. तेजाबरोबर धक्कालाट (पडणारं द्रव्य जिथे अडतं ती जागा) वर चढते, हे त्याचं रूढ स्पष्टीकरण. हर्क्युलिस एक्स-१ मध्ये उलट घडतं, तेज वाढलं की रेषा वर सरकते. शिवाय १९९६ ते २०१२ या काळात त्याची रेषा तेवढ्याच तेजाला सुमारे ४ केइव्हीने उतरली. एवढ्या थोड्या वर्षांत अख्ख्या ताऱ्याचं चुंबकत्व दहा टक्क्यांनी विरलं असं मानणं कठीण आहे. ध्रुवावरच्या द्रव्याच्या ढिगाऱ्याची रचना बदलली, हे जास्त पटतं. म्हणून वाक्य असं बदलतो: ‘ध्रुवाजवळ, रेषा तयार होते त्या थरात, क्षेत्र सुमारे ४ लाख कोटी गॉस आहे.’ दशांश काढून टाकला.

ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेच्या डेटावर हे पडताळता येईल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. येईल, पण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बांधलेल्या लॅक्सपीसी या तिच्यावरच्या क्ष-किरण उपकरणात झेनॉन वायू आहे आणि त्याची के-कडा (जिथे वायूचं शोषण एकदम बदलतं ती ऊर्जा) ३४.५ केइव्हीला, म्हणजे अगदी रेषेच्या शेजारी येते. तिन्ही संवेदकांचा डेटा एकत्र करू नका. त्यांतला लॅक्सपीसी-२० एकटाच घ्या. ताऱ्याच्या तेजाच्या ३५ दिवसांच्या चक्रातला मुख्य तेजस्वी काळ निवडा. स्पंदाचे टप्पे पाडण्याआधी जोडीदाराभोवतीच्या १.७ दिवसांच्या कक्षेची दुरुस्ती करा. त्या कक्षेमुळे स्पंदांच्या येण्याची वेळ १३ सेकंदांपर्यंत मागेपुढे होते, म्हणजे दहाहून जास्त आवर्तनं. ही दुरुस्ती विसरलात तर सगळे टप्पे एकमेकांत मिसळतील आणि रेषा हललेली दिसणारच नाही.