फोल्डरचे सोळा शृंगार

अहवाल उद्या द्यायचाय? मग आज फोल्डर सजवायला घ्या. सगळे असे हळद लागल्यासारखे पिवळेच राहिले, तर उघडणाऱ्याला काय वाटेल?

विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, कस्टमाइज, चेंज आयकॉन. तिथे तयार आयकॉन मिळतात, पण त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नका. ते लगेच बसतात आणि अख्खा दिवस हातात उरतो. एखादं देखणं पीएनजी चित्र शोधा आणि नावाची शेपटी बदलून त्याला आयसीओ, म्हणजे आयकॉनची फाइल करा. अर्थात ते चालणार नाही. खऱ्या आयसीओ फाइलीत १६, ३२, ४८, २५६ पिक्सेल अशा मापांची चित्रं एकत्र असतात. शेपटी बदलून कोणी आयसीओ होत नाही. मग रीतसर रूपांतर करा, पण २५६चं एकच माप ठेवा आणि त्यात डोंगर, सूर्यास्त, वर नक्षीदार अक्षरं असं सगळं कोंबा. लिस्ट व्ह्यूमध्ये तेच चित्र १६ पिक्सेलवर येतं. सूर्यास्ताचा सांडलेला चहा होतो.

ही आयसीओ फाइल डाउनलोड्समध्येच पडू द्या. फोल्डरच्या पोटात डेस्कटॉप.आयएनआय नावाची लपवलेली फाइल तयार होते. तिच्यात चित्र नसतं, चित्राचा पत्ता असतो. कधीतरी साफसफाईची हुक्की येऊन डाउनलोड्स रिकामं केलंत, की सजवलेले सगळे फोल्डर पुन्हा पिवळे. पेन ड्राइव्हवर नेलेल्या फोल्डरचंही दुसऱ्या मशीनवर तेच होतं.

फोल्डरला ‘रीड-ओन्ली’ लागलेलं दिसलं, तर कमांड देऊन तेही काढून टाका. फोल्डरपुरता त्याचा अर्थ ‘आत डेस्कटॉप.आयएनआय आहे, वाच’ एवढाच असतो, हे आयकॉन गेल्यावर कळेलच.

नवा आयकॉन लावूनही जुनाच दिसतोय? एफ-५ बडवत राहा. दोष आयकॉन कॅशचा, म्हणजे विंडोजने साठवून ठेवलेल्या जुन्या आयकॉनचा असतो. एक्सप्लोरर बंद करून कॅशच्या फाइली पुसल्या आणि तो पुन्हा सुरू केला, की बहुतेक वेळा काम होतं; पण मग एफ-५ बडवण्यातली मजा गेली.

आता मुख्य कलाकुसर. फोल्डरचं नाव खोडा, ऑल्ट दाबून धरा आणि नंबर पॅडवर ०१६० टाइप करा; नावात न दिसणारी मोकळी जागा येते. लॅपटॉपला वेगळा नंबर पॅड नसेल तर वरच्या ओळीतले आकडे बडवून बघा, काहीही होणार नाही. आयकॉनच्या यादीतला कोरा चौकोन निवडला, की फोल्डर अदृश्य. अहवाल यातच ठेवा. गोपनीय कागदांसाठी असाच दुसराही करा. एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर चालत नाहीत, म्हणून याच्या नावात ०१६० दोनदा.

उद्या सकाळी डेस्कटॉपवर कंट्रोल-ए दाबा. दोन रिकाम्या जागी चौकोन उमटतील. ज्याच्या नावात एकच न दिसणारी मोकळी जागा आहे, अहवाल त्यात आहे.