पुतळा हलवा, पाटी बदला

शहरातल्या बागांसाठी काहीतरी भव्यदिव्य करायचं तुमच्या मनात असेल, तर झाडांच्या नादी लागू नका. झाड मोठं व्हायला दोन पिढ्या जातात, निवडणूक पाच वर्षांत येते. पाटी मात्र रातोरात बदलता येते.

मुंबईकडून शिका. १८६२ साली भायखळ्यात व्हिक्टोरिया गार्डन्स खुलं झालं. पुढे त्याचं रीतसर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं. लोक टॅक्सीवाल्याला अजून 'राणीची बाग'च सांगतात. कुठली राणी, हे टॅक्सीवालाही विचारत नाही. खचू नका. नारळ फुटला, फोटो छापून आला, काम फत्ते.

नकोशा पुतळ्यांचं काय करायचं, हेही या शहराने दाखवून दिलंय. फोडले तर बोंबाबोंब होते, म्हणून गुपचूप बागेत नेऊन ठेवायचे. ससूनशेठच्या देणगीतून १८७९ साली फोर्टात उभा राहिलेला घोड्यावरचा इंग्रज युवराज (पुढचा सातवा एडवर्ड) १९६५ साली असाच घोड्यासकट राणीच्या बागेत रवाना झाला. चौकाचं नाव तरीही 'काळा घोडा'च राहिलं. शेवटी २०१७ साली तिथे नवा घोडा आणावा लागला, या खेपेला बिनस्वाराचा. यातलं शहाणपण ओळखा. नुसत्या घोड्याने कुणाच्या भावना दुखावत नाहीत, आणि पाठ रिकामी असली की पुढेमागे कुणालाही बसवायची सोय राहते.

दुरुस्तीचीही घाई नको. घारापुरीचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटालाच एलिफंटा म्हटलं, तो १८६४ साली विलायतेला न्यायचा घाट साहेबाने घातला. उचलताना हत्ती खाली आला आणि त्याचे तुकडे झाले. ते जोडून हत्ती उभा राहिला १९१४ साली, याच भायखळ्याच्या बागेत. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी आहे. पेंग्विन पाहायला आलेली गर्दी त्याच्याकडे पाहतेच असं नाही. पन्नास वर्षं! तुमच्या कारंज्याची मोटर दोन वर्षं बंद असल्याची तक्रार आली, तर हा दाखला बेधडक द्या.

आकर्षण मात्र हवंच, आणि त्याचा मातीशी संबंध नसला तर उत्तम. आपली म्हातारी लेकीकडून भोपळ्यात बसून परतते. मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कात उभा आहे तो इंग्रजी बडबडगीतातल्या म्हातारीचा बूट. पोरं आतल्या जिन्याने धडधडत वर जातात, खिडकीतून हात हलवतात, आणि खाली आयांचे मोबाइल वर होतात. भोपळ्याची निविदा काढायचं कुणाला सुचलं नाही. समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कातरून केलेले प्राणी आहेत, आणि त्यांच्या पायाखाली दक्षिण मुंबईला पाणी देणारी टाकी. ती बाग १८८१ साली झाली तीच टाकीवर. टाकीला कोनशिला लावून फायदा नाही, जमिनीखाली कोण वाचणार?

एक उदाहरण मात्र कार्यकर्त्यांसमोर काढू नका. १९२५ साली खुलं झालेलं माहीम पार्क १९२७ साली अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवाजी पार्क झालं, आणि लोकांनी ते नाव असं उचललं की जुनं पार विसरले. पुतळा आला १९६६ साली, तोही लोकवर्गणीतून. हा उलटा क्रम अंगाशी येतो. लोकांनीच नाव रुळवलं आणि लोकांनीच पैसे काढले, तर 'यांच्या शुभहस्ते'च्या पुढे तुमचं नाव कोरायला जागा उरते कुठे?